हिरव्या ठिपक्याने हृदय वाचत नाही

शेवेच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. खारी, नानकटाई, बटाट्याचे वेफर्स, वनस्पती तुपाचा डबा, सगळ्यांवर तोच ठिपका. आत मांस, मासा किंवा अंडे नाही, एवढेच तो सांगतो. तो पदार्थ हृदयाला मानवेल का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आपल्या चर्चेत मात्र या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या आहेत. हृदयविकाराचा विषय निघाला की बोलणे लगेच शाकाहार विरुद्ध मांसाहार या जुन्या वळणावर जाते, आणि त्या वादात डाळ किती, तेल किती, मीठ किती हे साधे प्रश्न विचारायचेच राहून जातात. या लेखाचे म्हणणे असे की वनस्पतीजन्य आहार हृदयाला खरोखर जपतो, पण कोणत्या वनस्पती आणि त्यांचे काय करून खाल्ले यावर सारे अवलंबून आहे. शिवाय ही निवड घराघरात होते तितकीच रेशन दुकानात आणि सरकारी नियमांतही होते.

पुरावा आधी पाहू. अमेरिकेत आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या दोन लाखांहून अधिक लोकांचा आहार कित्येक वर्षे नोंदवला गेला. त्यावर आधारलेला अंबिका सतीजा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी वनस्पतीजन्य आहाराचे दोन भाग केले. एका भागात अख्खी धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दाणे आणि वनस्पती तेले. दुसऱ्यात मैदा, पॉलिश केलेला तांदूळ, बटाटा, गोड पेये आणि मिठाया. पहिल्या प्रकारचा आहार सर्वाधिक घेणाऱ्यांत हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका तो सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. दुसऱ्या प्रकारचा आहार सर्वाधिक घेणाऱ्यांत हाच धोका सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त निघाला. दोन्ही ताटांना आपण 'शाकाहारी'च म्हटले असते.

हे निष्कर्ष अमेरिकेतले असले तरी आपल्याला ते अधिकच लागू पडावेत अशी आपल्या शरीराची ठेवण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी त्याच्या शरीरात, विशेषतः पोटात, चरबी जास्त असते. २००४ साली त्यांनी स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. अशा शरीरात भात, साबुदाणा, मैदा आणि साखर जास्त गेली की यकृत उरलेल्या पिष्टाची चरबी करते. रक्तातली ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढते, एचडीएल हे 'चांगले' कोलेस्टेरॉल घटते, आणि धमन्यांत साठणाऱ्या 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, एलडीएलचा, आकडा फारसा चढलेला नसला तरी त्याचे कण बारीक आणि संख्येने अधिक होतात. म्हणून 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे' या एका ओळीवर निश्चिंत राहू नये. रक्ततपासणीच्या अहवालातील एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा पाहावा आणि टेपने कंबर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलेली कंबर हा इशारा मानतात.

५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने २००४ साली हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यामागील बहुतेक धोका नऊ गोष्टींत मांडून दाखवला. तंबाखू, रक्तातील मेद, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, रोज भाज्या-फळे न खाणे, व्यायामाचा अभाव आणि मद्य या त्या नऊ. त्यातील दक्षिण आशियाची आकडेवारी डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. आपल्याकडे पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतर देशांत ५९च्या सुमारास. यादीत 'मांस खाणे' नाही. 'रोज भाज्या-फळे न खाणे' आहे. आणि तंबाखू पहिल्याच ओळीत आहे. मिसरी लावणाऱ्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाच्या ताटात कितीही पालेभाजी वाढली तरी ते नुकसान भरून निघत नाही.

घरातले ताट खरे कसे आहे हे पाहायला महिन्याच्या किराण्याची यादी पुरते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. चौघांचे ३० दिवसांचे होते ३ किलो २४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेतीन लिटर. घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात संपत असेल, वर तूप वेगळे आणि बाहेरचे वडे-भजी वेगळी, तर दुसऱ्या कुठल्या तपासणीची गरज नाही. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. चौघांना महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी महिन्यात संपली तर माणशी आठ ग्रॅमच्या वर गेले, तेही पापड, लोणचे, फरसाण आणि पावातले मीठ न धरता. साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायची म्हटले तर चौघांना महिन्याला तीन किलो, आणि त्यात गूळ, बिस्किटे, सरबते सगळे आले. चहा चार वेळा होणाऱ्या घरात हा हिशोब चहातच संपतो.

यादीत एक गोष्ट उलट्या बाजूने चुकलेली असते, ती डाळ. त्याच मार्गदर्शनात डाळी-कडधान्ये माणशी ८५ ग्रॅम कच्ची धरली आहेत. चौघांना महिन्याला दहा किलो. किती घरांत दहा किलो डाळ येते? मूठभर तूर शिजवून चौघांना पुरवलेल्या पातळ वरणात माणशी २० ते २५ ग्रॅम डाळ येते. उरलेली भूक भात आणि पोळी भागवते. आपल्या शाकाहाराचा कच्चा दुवा हाच आहे. डाळींतील विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्ले (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवते ती पाचक आम्ले) धरून ठेवतात आणि शरीराबाहेर नेतात. ती भरून काढायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. रोज वाटीभर शिजलेली डाळ किंवा उसळ काही आठवडे सलग खाल्ली तर एलडीएल सुमारे पाच टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या मानाने हा परिणाम लहान आहे, पण तो रोजचा आहे, घरातल्या सगळ्यांना मिळतो, आणि उसळ खाल्ल्यावर भाताला पोटात जागाही कमी उरते.

वाढवायचे कसे? मटकी, मूग, चवळी, हुलगे रात्री आठ तास भिजवावेत, पाणी टाकून द्यावे, ओल्या फडक्यात बांधून बारा तास ठेवावेत. मोड आल्याने गॅस धरवणाऱ्या काही शर्करा कमी होतात. चौघांच्या उसळीला दोन चहाचे चमचे तेल फोडणीला पुरते. कांदा-टोमॅटो परतताना कढई कोरडी पडली तर तेलाऐवजी पाण्याचा हबका मारावा. एकदम मोठी वाटी सुरू केली की पोट फुगते आणि माणूस आठवड्यात सोडून देतो. दोन चमच्यांपासून सुरुवात करून तीन आठवड्यांत वाटीवर यावे. पिठल्याचे बेसन, आंबोळीतली उडीदडाळ, धपाट्यातले डाळीचे पीठ, हे सगळे या हिशोबात धरायचे.

ज्वारी-बाजरीची भाकरी चांगली, कारण पीठ अख्खे असते आणि भाजताना तेल लागत नाही. पण 'भरड धान्य' हा शब्द हल्ली मंत्रासारखा वापरला जातो, ते बरोबर नाही. ज्वारीतही पिष्टच जास्त. दोन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाऊन काही साधत नाही. आणि नाचणीची बिस्किटे ही मुळात साखर आणि पामतेलाची बिस्किटे, नाचणी नावापुरती.

सोलापूर-मराठवाड्याच्या ताटात एक गोष्ट पूर्वापार आहे, तिला पुन्हा रोजची जागा मिळायला हवी: जवसाची चटणी. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३, म्हणजे हृदयाला उपयोगी मेद, भरपूर. कुटलेल्या एका मोठ्या चमच्यात दीड ग्रॅमच्या आसपास. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत कोरडे भाजावे, लसूण, मिरची आणि थोडेच मीठ घालून कुटावे. अख्खे जवस खाल्ले तर टरफलासकट तसेच बाहेर पडते, म्हणून कुटणे आवश्यक. कुटल्यावर त्यातले तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतीच करून झाकणाच्या बरणीत थंड जागी ठेवावी. ही चटणी लोणच्याच्या जागी आली तर मिठाचाही फायदा होतो. लोणचेही हवे आणि चटणीही, असे झाले तर नाही. शेंगदाण्यांनाही विनाकारण बदनाम केले आहे. त्यांतली चरबी बहुतांशी असंपृक्त, म्हणजे हृदयाला मानवणारी, आहे, आणि बदाम-अक्रोड न परवडणाऱ्यांसाठी मूठभर भाजलेले, बिनमिठाचे दाणे हा पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. साबुदाण्याच्या खिचडीत हृदयाच्या कामाचा पदार्थ कोणता तर दाण्याचे कूट. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिने शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही नाहीत. उपवासाला राजगिरा किंवा वरीचा भात, दाण्याची आमटी आणि उकडलेले रताळे असताना तुपात परतलेली खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेले वडे हेच 'हलके' म्हणून खाल्ले जाते. आठवड्याला दोन उपवास करणाऱ्यांचे वर्षाकाठी असे शंभर दिवस होतात.

तेल कोणते, यावर लोक फार भांडतात. त्यापेक्षा किती आणि कितव्यांदा तापवलेले, हे जास्त महत्त्वाचे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, मोहरी यांतले आलटून पालटून काहीही चालेल. पामतेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी, चरबी असते, खोबरेल तेलात त्याहून बरीच जास्त, तुपातही निम्म्याहून अधिक. वरणभातावर चमचाभर तूप घ्यायला हरकत नाही, पण ते २७ ग्रॅमांत मोजायचे. 'तूप गुणकारी आहे म्हणून ते हिशोबाबाहेर' हे म्हणणे टिकत नाही. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल काळपट, दाट होते, वर बारीक फेस धरते आणि लवकर धुरावते. घरात तळणाचे तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळायला घेऊ नये.

चुका होतात त्या अशा ठिकाणी. मांसाहार सोडणारा माणूस त्या जागी उसळ आणत नाही, पनीर बटर मसाला आणि काजूची ग्रेव्ही आणतो. संपृक्त चरबी होती तिथेच राहते. दुसरी चूक बी-१२ची. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. याज्ञिकांच्या गटाने पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुष तपासले तेव्हा सुमारे दोन तृतीयांशांत ते कमी आढळले. बी-१२च्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके कमी होतात असे मोठ्या चाचण्यांत दिसलेले नाही, पण कमतरतेमुळे नसा आणि रक्त यांचे नुकसान होते, आणि हात-पाय मुंग्यांनी बधिर झालेला माणूस चालायला जात नाही. दूधही सोडणाऱ्याने बी-१२ची पुरवणी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यावीच. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांच्या अठरा वर्षांच्या अभ्यासात शाकाहाऱ्यांत हृदयधमन्यांचा विकार मांसाहाऱ्यांपेक्षा २२ टक्क्यांनी कमी आढळला, पण पक्षाघात २० टक्क्यांनी जास्त. कारण अजून पक्के नाही. शाकाहार हा सर्व रोगांवरचा विमा नव्हे, हे सांगायला तेवढे पुरे.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे आहार सुधारला म्हणून गोळ्या बंद करणे. 'ब्लॉकेज विरघळवणाऱ्या' आहाराचे आणि काढ्यांचे दावे करताना डॉ. डीन ऑर्निश यांच्या १९९०च्या प्रयोगाचे नाव घेतले जाते. तो प्रयोग खरा आहे आणि महत्त्वाचाही, पण तो नीट वाचावा. त्यात केवळ ४८ रुग्ण होते. अत्यल्प चरबीचा शाकाहार, तंबाखूबंदी, व्यायाम, ताणनियमन हे सगळे एकत्र होते. वर्षभर हे कडकपणे पाळणाऱ्या गटात धमन्यांचे अरुंदपण सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आले. दुसऱ्या गटात ते वाढले. वाढ थांबली, थोडी मागे फिरली, ही मोठी गोष्ट आहे. नळी मोकळी झाली असा त्याचा अर्थ नाही. दुधीच्या रसाबद्दल तर निक्षून सांगायला हवे. दुधी कडू निघाला तर त्यातील कुकुर्बिटासिन विषारी असते. त्यामुळे उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही ओढवले आहेत, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याबद्दल इशारा दिला आहे. दुधीची भाजी करताना कच्ची फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर अख्खा दुधी फेकावा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि धाप असेल तर रस नाही, रुग्णवाहिका.

मिठाच्या बाबतीत एक उपाय मात्र आपण पुरेसा वापरत नाही. चीनमधील ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत साध्या मिठाऐवजी पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले. पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. असे मीठ आपल्या दुकानांतही मिळते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते.

इथवरचे सगळे घरातले. पण पगार पंधरा हजार असलेल्या घराला 'महिन्याला दहा किलो डाळ आणा' असे सांगणे हा सल्ला नव्हे, टोमणा आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्य दिले, २०२३पासून ते मोफत झाले. पोट भरण्याच्या दृष्टीने हे काम मोठे आहे. पण त्या पाच किलोंत डाळ नाही. गहू-तांदूळ फुकट आणि डाळ बाजारभावाने विकत, तर ताट कुठल्या बाजूला झुकणार? महाराष्ट्र सरकारने २०२२च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' दिला: शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि पामतेल एक लिटर. गरिबाच्या घरी सण गोड व्हावा ही भावना चांगली आहे, आणि त्यात चणाडाळ होती याचे स्वागतच. पण सरकारी पैशाने वाटायच्या चार वस्तूंपैकी साखर, रवा आणि पामतेल या तीन असाव्यात, हा निर्णय कोणत्याही आहारतज्ज्ञाला पटणार नाही. करडई आणि भुईमूग पिकवणाऱ्या राज्यात तेल पामचेच का, हा शेतकऱ्याच्याही पोटाचा प्रश्न आहे.

पाकिटांच्या बाबतीत ट्रान्स चरबीवर, म्हणजे तेल गोठवून वनस्पती तूप करताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, काम चांगले झाले. २०२२पासून तेल-तुपात तिची मर्यादा दोन टक्के आहे. तळणाच्या तेलातील ध्रुवीय घटकांवर (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडले की हे वाढतात) २०१८पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याचे बंधन दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल तळणाला वापरणाऱ्यांवरच आहे. एकट्या वडापावच्या गाडीला इतके तेल क्वचितच लागते. तिथे दंडापेक्षा महापालिकेने जुने तेल योग्य भावाने विकत घेण्याची सोय केली, तर गाडीवाल्याला ते पुन्हा कढईत ओतण्याचे कारण उरणार नाही. पाकिटाच्या दर्शनी भागावर काय छापायचे यावर मात्र घोळ आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या मसुद्यात अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे देण्याची पद्धत होती. तिची खोट अशी की मीठ-साखर-चरबीचे वाईट गुण डाळी, दाणे, तंतू यांच्या चांगल्या गुणांनी वजा होतात. शेव बेसनाची असते. म्हणजे मिठाने आणि तेलाने भरलेल्या शेवेला बेसनाच्या जोरावर तारे मिळू शकतात. चिलीने २०१६ साली वेगळा मार्ग घेतला: मीठ, साखर, संपृक्त चरबी, कॅलरी यांतले जे मर्यादेबाहेर त्याचा काळा अष्टकोन दर्शनी भागावर. त्यानंतर तिथे साखरी पेयांची खरेदी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. निरक्षर माणसालाही काळा अष्टकोन कळतो. आपल्याकडे तो मराठी-हिंदी अक्षरांसह यावा.

'लोकांनी काय खावे हे सरकारने का ठरवावे' हा आक्षेप प्रामाणिक आहे. पण सरकार आजही ठरवतेच. गव्हाला हमीभाव आणि खात्रीची खरेदी देऊन, पामतेलाचे आयातशुल्क कमी-जास्त करून, शाळेच्या ताटात डाळ किती ग्रॅम ते लिहून. प्राथमिक शाळेतील मुलाला दुपारच्या जेवणात १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, असे ते प्रमाण आहे. हाच एकाला पाचाचा तोल मूल पुढे घरी आणि खानावळीत चालू ठेवते. तो निदान एकाला तीन व्हावा. दुसरीकडे, हृदयाच्या नावाखाली कोणाच्या ताटातला मासा किंवा अंडे काढून घेण्याचाही अधिकार कोणाला नाही. कोकण-गोव्यातला बांगडा आणि तारली हृदयाला अपाय करत नाहीत; त्यांच्याबरोबरची तळणी आणि शेजारचा डोंगराएवढा भात करतो.

तमिळनाडूत रेशनकार्डावर महिन्याला एक किलो तूरडाळ तीस रुपयांना मिळते. महाराष्ट्राने कार्डामागे दोन किलो डाळ आणि अर्धा किलो दाणे द्यावेत. चौघांच्या घरात दोन किलो म्हणजे माणशी दिवसाला सतरा ग्रॅम. ८५ ग्रॅमांच्या मानाने हे थोडे आहे, पण जिथे आज पातळ वरणात वीस ग्रॅम पडते तिथे ते जवळपास दुप्पट होईल.